शांत मेंढी

पडेगावच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि आम्ही राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मायनं ती गोणपाट लावून शिवून टाकली. शिवून म्हणजे खरोखरच शिवून, दाभण आणि सुतळी घेऊन, एकेका गजाभोवती टाके घालत. तिचे हात त्या कामाला सरावलेले होते. गावाकडं आमच्या मेंढ्या कोंडायची जाळी असायची, तिला आम्ही वाघर म्हणतो, ती कुठं फाटली की माय अशीच मांडीवर घेऊन सांधत बसायची. खिडकी बंद झाल्यावर खोलीत भर दुपारीही रांजणाच्या तळाशी असतो तेवढाच उजेड उरला. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि पिठाचा डबा. दुसऱ्या कोपऱ्यात माझा मोठा भाऊ म्हाळू, अंगावर घोंगडी ओढून, गुडघ्यांत तोंड घालून बसलेला. तो पंधरा वर्षांचा होता, मी तेरा वर्षांची. खिडकी त्याच्यासाठी बंद केली होती.

आमच्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. ते करमाडच्या बरंच पुढं आहे आणि तिथं आजही माणसं राहतात, त्यांतली सगळीच वाईट नव्हती. गायरानावरून भांडण लागलं होतं. आमच्या मेंढ्या जिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत होत्या ती जमीन गावातल्या काही लोकांना हवी होती. आधी पिठाच्या गिरणीवर आमचं दळण घेणं बंद झालं, मग विहिरीवर मायला कुणी पोहरा देईना. आणि मग एका दुपारी दोन ट्रॅक्टर भरून माणसं आमच्या पालांवर आली. आबा करमाडच्या बाजाराला गेले होते. मी आणि माय ओढ्यावर धुणं धुवायला गेलो होतो. मेंढ्यांजवळ एकटा म्हाळू होता. आम्ही परत आलो तेव्हा पालं जळून गेली होती, वाघरीच्या आत मेंढ्या मरून पडल्या होत्या, उरलेल्या कुणीतरी हाकून नेल्या होत्या. म्हाळू रस्त्याखालच्या सिमेंटच्या नळीत सापडला. बाजारातून परतलेल्या आबांनी हात धरून ओढलं तरी बाहेर येईना. तक्रार दिली, कागद झाला, पण परत जाऊन राहा असं कुणी म्हणालं नाही. एक घोंगडी, दोन पातेली आणि अर्धी वाघर घेऊन आम्ही शहराच्या कडेला, पडेगावात आलो.

कुणी विचारलं तर 'कामाला आलो' असं सांगायचं, ही मायची सक्त ताकीद होती. गावाचं नाव घरात काढायचं नाही, मेंढ्यांचं नाव काढायचं नाही. तिला वाटायचं, बोललं की ते पुन्हा जागं होतं. पडेगावच्या शाळेत आबांनी माझं नाव घातलं होतं. तिथल्या पुस्तकात एका धड्यात 'निर्वासित' हा शब्द आला. घरदार सोडून, जीव वाचवायला पळालेली माणसं. मी हात वर करून विचारलं, "बाई, एका गावातून त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावात पळाले तर काय म्हणायचं?" सोनवणे बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "त्याला शब्द नसेल बहुतेक. पण तू का विचारतेस?" मी म्हटलं, "असंच." बाई माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मी पुस्तकात बघत राहिले.

म्हाळू मात्र काहीच विचारत नव्हता. गावाकडं तो आमच्यातला सगळ्यात बडबड्या. शंभर मेंढ्यांना शंभर नावं त्यानंच ठेवलेली, कुणाला काय दुखतंय हे तो चालीवरून सांगायचा, आणि मला चिडवताना म्हणायचा, "हिरे, तुझी चाल बघून सांगतो, तुला आज गणित येनार नाय." इथं आल्यावर तो दिवसाला चार शब्द बोलायचा. मेंढीच्या दुधावर वाढलेलं पोर, पिशवीचं दूध तोंडाला लावीना. भाकरीचा तुकडा तोंडात धरून तो गिळायचं विसरायचा. आणि ट्रॅक्टरचा आवाज आला की त्याचं सगळं अंग थरथरायला लागायचं. आमची खोली दौलताबादच्या रस्त्यापासून एक गल्ली आत होती आणि त्या भागात तेव्हा घरांवर घरं बांधणं चाललं होतं. विटा, वाळू, खडी, सगळं ट्रॅक्टरनंच यायचं. एके सकाळी विटांचा ट्रॅक्टर दारावरून गेला तसा म्हाळू उठला आणि उलट्या दिशेनं पळत सुटला, तो थेट मोठ्या रस्त्यावर. एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. ड्रायव्हरनं खाली उतरून त्याच्या थोबाडीत मारली आणि मग त्याचा चेहरा पाहून स्वतःच त्याला घरापर्यंत आणून सोडलं.

त्या दिवशी आबा कामावर गेले नाहीत. उंबऱ्यात बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "पोरगं बुजलंय. दुसरं काय नाय."

बुजणं आम्हाला नवीन नव्हतं. लांडगा येऊन गेला की कळपातली एखादी मेंढी अशी बुजते. पान हललं तरी उधळते, आणि तिच्यामागं सगळा कळप उधळतो. तिच्यावर आमच्यात एकच उपाय. तिला अंधाऱ्या जागी कोंडायचं, बाहेरचं काही दिसू द्यायचं नाही, आणि कळपातली सगळ्यात शांत मेंढी निवडून दोघींना एका दाव्यानं बांधायचं. शांत मेंढीच्या श्वासावर बुजलेली मेंढी हळूहळू थंड होते. आबांनी आयुष्यात अशा कितीतरी मेंढ्या बऱ्या केल्या होत्या. अंधार खिडकी शिवून झालाच होता. मायनं अर्ध्या वाघरीचा जळका भाग कापून टाकला, उरलेला सांधला आणि दाराच्या चौकटीला आडवा बांधला, म्हणजे दार उघडं राहून वारा येईल पण म्हाळू एकदम बाहेर पडणार नाही. आणि लोकरीचं दावं घेऊन आबांनी एक टोक म्हाळूच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या.

"शाळा?" मी विचारलं.

"शाळा कुठं पळून चालली?" माय म्हणाली. "आमी दोघं कामावर न्हाय गेलो तर खायचं काय? पंधरा दिस बस त्याच्याजवळ."

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू शांत हायेस, हिरे. तुला कायबी झालं न्हाय. म्हनून तुला बांधलं."

खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. आबा कुणाची स्तुती करणारे नव्हते. त्यांनी मला निवडलं, कळपातली सगळ्यात शहाणी म्हणून निवडलं, असं मला वाटलं. आज हे लिहिताना त्या मुलीचा हात धरून तिला काहीतरी सांगावंसं वाटतं, पण काय सांगावं ते मलाही नीट माहीत नाही.

पंधरा दिवसांचे तीस झाले, तिसाचे चाळीसच्या पुढं गेले. सकाळी माय-आबा बांधकामावर जायच्या आधी परसाकडं जाऊन यायचं, मग दावं बांधलं जायचं ते संध्याकाळी ते परत येईपर्यंत. दावं चार हात लांब होतं. म्हाळू कोपरा सोडायचा नाही, म्हणून तेवढ्यात पिठाचा डबा यायचा, पाण्याचा माठ यायचा, दार यायचं नाही. उन्हानं पत्रा तापला की कडकड आवाज करायचा आणि प्रत्येक आवाजाला माझं मनगट ओढलं जायचं. दावं लोकरीचं, ते मऊ असतं असं लोकांना वाटतं. घामानं ओलं झालं की ते कातडीत चावतं. सगळ्यात वाईट म्हणजे शाळेची घंटा ऐकू यायची. शाळा तीन गल्ल्या पलीकडं होती. पहिली घंटा प्रार्थनेची, मग मराठी, मग गणित, मग छोटी सुट्टी. घंटेघंटेला मला माहीत असायचं की आता कोण कुठं बसलंय आणि बाई फळ्यावर कोणत्या कोपऱ्यापासून लिहायला लागल्यात. मी भिंतीवर नखानं गणितं करायचे. म्हाळू कधीकधी ती बघायचा. एकदा त्यानं माझ्या चुकलेल्या उत्तरावर बोट ठेवलं, आणि मला वाटलं आता तो बोलेल. पण त्यानं बोट काढून घेतलं आणि घोंगडी ओढून घेतली. त्या वेळी मला त्याचा राग आला. इतका राग, की दावं जोरात हिसकावं असं वाटलं. मी हिसकलं नाही. शांत मेंढी हिसकत नाही.

आमची घरमालकीण खाला, नवरा गेलेली, दोन खोल्या भाड्यानं देऊन राहणारी बाई, दुपारी वाघरीपलीकडं येऊन उभी राहायची. तिच्या हातात झाकलेली ताटली असायची, बहुतेक वेळा खिचडी आणि चिंचेचा खट्टा.

"क्या गे हिरा, आज बी स्कूल नै गई?"

"भाऊ बीमार है, खाला."

"बीमार हुए तो बांध के रखते क्या? बकरा है क्या वो?"

"मेंढी," मी म्हटलं. "हमारे में ऐसाच करते."

"हौ, करते होंगे मेंढी को," खाला म्हणाली आणि ताटली जाळीच्या खालून आत सरकवली. "तू मेंढी है क्या?"

मी हसले. तिला वाटलं मी गमतीनं हसले. तिनं आबांनाही दोनदा सांगून पाहिलं. आबा प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकायचे आणि म्हणायचे, "हौ खाला, थोडे दिवस." वडीलधाऱ्या बाईला उलट बोलणं त्यांच्याच्यानं होत नव्हतं, आणि तिचं ऐकणंही.

मग एके दुपारी सोनवणे बाई आल्या. मी दीड महिना शाळेत नाही हे हजेरीत दिसत होतं आणि वार्षिक परीक्षा जवळ आली होती. त्या गल्लीतून पत्ता विचारत आल्या, खालाच्या ओट्यावर चढल्या, आणि नेमका त्याच वेळी समोरच्या बांधकामावर विटांचा ट्रॅक्टर मागं यायला लागला. तो आवाज भिंतीतून आत आला. म्हाळू उठला. मला उठायला वेळ मिळाला नाही, मी फरशीवरून फरफटत गेले, माठ कलंडला, आणि तो दारातल्या वाघरीवर जाऊन आदळला. मला वाटलं तो जाळी फाडून पळणार. पण तो पळालाच नाही. तो गुडघ्यावर बसला आणि जाळी जिथं चौकटीला बांधली होती ती गाठ दोन्ही हातांनी सोडवायला लागला. नखं मोडेपर्यंत. आणि तो बोलत होता. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द सांडत होते.

"भुरे, थांब गं, सोडतो. सोडतो ना. कानतुटे, ढकलू नको, गाठ दिसंना. दुहेरी मारली मीच, झोप आली व्हती म्हनून. थांबा रं, आगीकडं जाऊ नका. सुटंना... आबा, सुटंना..."

मी त्याच्या पाठीला लागून पडले होते. माझ्या मनगटातून रक्त येत होतं आणि मला एकेक गोष्ट कळत गेली. दुपारी मेंढ्या कोंडल्यावर कुणीतरी जागं बसावं लागतं. त्या दिवशी त्यानं गाठ दुहेरी मारून जरा डोळा लावला होता. आणि माणसं आली, आग लागली, तेव्हा ती गाठ त्याच्यानं सुटली नव्हती. आम्हाला वाटलं होतं म्हाळू पळाला म्हणून वाचला. तो मेंढ्यांना आत ठेवून पळाला होता, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला बरं करायला आम्ही दारात तीच वाघर लावली होती. तिला अजून धुराचा वास होता.

बाई ओट्यावरच बसल्या होत्या, साडी धुळीत. त्यांच्या मागं खाला मोठमोठ्यानं ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होती. "बंद कर रे! बंद कर वो डब्बा!" ट्रॅक्टर बंद झाला. मग बाईंनी जाळीतून हात आत घातला आणि आधी म्हाळूच्या पाठीवर ठेवला, मग माझ्या.

संध्याकाळी माय-आबा आले तेव्हा बाई अजून होत्या. त्या उलट काही बोलल्या नाहीत, जे ऐकलं ते फक्त सांगितलं, म्हाळूचे शब्द जसेच्या तसे. आबा ऐकत राहिले. मग चौकटीपाशी गेले आणि गाठीवर अंगठा फिरवत उभे राहिले.

"दवाखान्यात न्यायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात."

"माझं पोरगं येडं न्हाय," माय म्हणाली.

"मीही तसं म्हटलं नाही, ताई."

माय माझ्याकडं वळली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मंग मी त्याला त्याच जाळीत ठिवलं व्हय गं, हिरे?" तिनं विळा घेतला आणि वाघर चौकटीवरून कापून काढली. गाठ तिनं सोडवली नाही, कापली.

दवाखान्यात केसपेपर काढून आम्ही सकाळपासून बाकावर बसलो. बाई रजा काढून आल्या होत्या. मी पुढं शिकले, पदवीधर झाले, शिक्षिका झाले, आमच्या घरातली पहिली. ज्या गोष्टींमुळं झाले त्यांत त्या रजेच्या दिवसाचा मोठा वाटा आहे. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं नाही, म्हाळूला एवढंच विचारलं, "मेंढ्यांची नावं सांगशील?" तो सांगत गेला. शेवटच्या नावापर्यंत त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग त्यानं गाठीचं सांगितलं, ह्या वेळी शुद्धीवर, आबांकडं न बघता. आबांनी ते सगळं भिंतीकडं तोंड करून ऐकलं. नंतर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "दुहेरी गाठ मीच शिकिवली तुला. एकेरी मारली असती तर मी रागावलो असतो." एवढंच. म्हाळू त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. एका दिवसात काही बरं झालं नाही. गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या, मध्येच सुटल्या, पुन्हा चालू झाल्या. आज तो एका रोपवाटिकेत काम करतो, लग्न केलं, त्याची पोरगी त्याच्यासारखीच बडबडी आहे. ट्रॅक्टर आला की तो अजूनही हातातलं काम खाली ठेवतो, पण पळत नाही.

डॉक्टरांनी खिडकी उघडा म्हणून सांगितलं, त्याला रोज थोडं बाहेर न्या, बोलू द्या म्हणून सांगितलं. मग त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली.

"हे काय झालं?"

"दाव्याचं हाय," आबा म्हणाले. मग घाईनं, थोड्या अभिमानानंच, "ही शांत हाय, डॉक्टर. हिला कायबी झालं न्हाय."

"हो का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान डोलावली. आयुष्यात मी पुष्कळ चुकीची उत्तरं दिली, पण ते एक उत्तर मला परत घ्यावंसं वाटतं. जळालेल्या मेंढ्या मीही पाहिल्या होत्या. नळीतून भावाला ओढताना त्याचा दुसरा हात माझ्या हातात होता. पण मला कुणी विचारेपर्यंत माझी शांत राहायची सवय पक्की झाली होती. आज माझ्या वर्गात एखादं पोर फार शहाण्यासारखं, फार गप्प बसलेलं दिसलं, की मी त्याच्याजवळ आधी जाते.

पुढच्या सोमवारी मी शाळेत गेले. मायनं सकाळी वेणी घालून दिली, खालानं डब्यात लोणचं दिलं, म्हाळू खिडकीतून बघत होता. मी दुसऱ्या बाकावर बसले, वही काढली. सगळं मी घंटेघंटेला कल्पनेत पाहिलं होतं तसंच होतं. गणिताच्या तासाला रस्त्यावर खडी ओतायचा गोंगाट सुरू झाला, म्हणून बाईंनी दाराजवळच्या मुलीला दार लावायला सांगितलं. तिनं दार लावलं, कडी घातली. पुढचं मला तुटक आठवतं. मी उभी होते. कधी उठले ते कळलं नाही. छातीत हवा जात नव्हती आणि वही खाली पडली होती. मागच्या मुली हसल्या.

"हिरा? काय झालं गं?"

काही झालं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते शब्द तयारच होते. पण बाहेर दुसरंच आलं.

"बाई, दार नका लावू. मला भ्या वाटतं."

हसणं थांबलं. बाईंनी कारण विचारलं नाही. त्या स्वतः उठल्या, कडी काढली, दार सताड उघडलं. वाऱ्यानं ते पुन्हा लागायला लागलं, तेव्हा त्यांनी आपली लाकडी खुर्ची ओढत नेली आणि दारात अडकवून ठेवली. खडीचा आवाज आत येत राहिला, बाई जरा मोठ्यानं बोलत राहिल्या, आणि तास संपेपर्यंत त्यांनी उभ्यानंच शिकवलं.